थंडीत खाडीच्या उथळ पाण्यात गरवताना: तयारी, क्रम आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका

थंडी पडली की खाडीवर गरवायला (गळाने मासे धरायला) येणाऱ्यांची संख्या वाढते, आणि रिकाम्या हातांनी परत जाणाऱ्यांचीही. बहुतेकांचा दिवस एकाच साच्यातला असतो. पहाटे अंधारात पोचायचं, पाणी पूर्ण भरलेलं असताना काठावर उभं राहायचं, जमेल तितकी लांब फेक करायची आणि रील भराभर फिरवायचं. पावसाळ्यानंतरच्या गढूळ, उबदार पाण्यात यातून मासा मिळूनही जातो. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र पाणी निवळलेलं आणि गार असतं, मासा सावध असतो, आणि यातली प्रत्येक सवय अंगाशी येते.

"थंडीत खाडीत मासा नसतो" हे खरं नाही. जिताडा (दक्षिणेकडचा चोणाक), तांबोशी, मुडदुशी, बोय हे सगळे इथेच असतात. फक्त ते उथळ पाण्यात कधी येणार हे ऊन आणि भरती मिळून ठरवतात. या दोन्हींची वेळ जुळवणं हेच निम्म्याहून जास्त काम आहे, आणि ते घरी बसून करायचं असतं.

पुढचं सगळं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांत घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहून, रॉड-रीलने गरवणाऱ्यांसाठी आहे. होडीतून किंवा कातळावरून गरवण्याचं तंत्र वेगळं आहे.

## १. आधी तिथी, मग तारीख

ओहोटीला उघडा पडलेला चिखल थंडीत रात्रभर गार होतो. त्यावर पहाटे चढणारं वीतभर पाणीही गारच राहतं. अशा वेळी मासा चॅनेलमध्ये, म्हणजे खाडीच्या खोल, मुख्य पात्रात थांबतो, कारण तिथलं पाणी इतक्या लवकर निवत नाही. दिवस वर आला की चित्र उलटतं. काळा चिखल ऊन शोषतो, त्यावरून चढणारं भरतीचं पाणी तापतं, बिळांतले खेकडे आणि कोळंबी हलायला लागतात, आणि त्यांच्यामागे मासा वर येतो. म्हणून थंडीत हवा असलेला दिवस असा: सकाळी उशिरा पूर्ण ओहोटी, आणि दुपारभर चढतं पाणी.

तो शोधायला कोकणातला जुना हिशोब पुरतो. तिथीची पाऊणपट करा; येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती पूर्ण. त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे पावणेनऊला, ओहोटी पूर्ण. षष्ठीला भरती साडेचारला, ओहोटी सव्वादहाला. पौर्णिमा-अमावस्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायची.

यावरून माझं उत्तर ठरलेलं आहे: दोन्ही पक्षांतली चतुर्थी ते सप्तमी. ओहोटी सकाळी उशिरा, भरती उन्हात, आणि पाण्याला ओढही पुरेशी. अष्टमीच्या आसपास वेळ छान जुळते, पण भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी जेमतेम हलतं. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला दुपारी बारानंतर पाणी उतरायला लागतं. तेव्हाही गरवता येतं, पण पद्धत बदलते. ती सहाव्या टप्प्यात आहे. एकादशी ते त्रयोदशी मी टाळतो. त्या दिवसांत उथळ पट्टा गार सकाळी भरतो आणि उन्हाच्या वेळी कोरडा पडतो.

हा हिशोब ढोबळ आहे आणि मुंबईच्या आसपास जास्त जुळतो. दक्षिणेकडे भरती आधी येते. मालवण-वेंगुर्ल्याला साधारण अर्धा-पाऊण तास आधी धरा. उलट, खाडीत आत जावं तसा उशीर वाढतो. दाभोळसारख्या लांब खाडीत मुखाजवळची वेळ आणि आतल्या गावातली वेळ यांत चांगलाच फरक पडतो. त्यामुळे दिवस तिथीवरून निवडा, पण तास-मिनिटं जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. मग एकदा आपल्या जागी पाण्याच्या कडेला काठी रोवून पाणी नेमकं कधी फिरतं ते बघून ठेवा. तक्त्यातली वेळ आणि काठीवरची वेळ यांतलं अंतर पुढच्या खेपेलाही जवळपास तेवढंच राहतं.

तक्त्यात वेळेशेजारी उंचीचा आकडा असतो. तो बहुतेक जण वाचतच नाहीत. एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, आणि आपल्या किनाऱ्यावर थंडीत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा उंच असते. पावसाळ्यात दुपारी तिवरांच्या आतपर्यंत शिरणारं पाणी जानेवारीत त्याच तिथीला तिवरांच्या मुळांशीच थांबू शकतं. पावसाळ्यातली जागा थंडीत कोरडी का राहिली, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या आकड्यात असतं.

सावधान: उत्तरेचा गार वारा नुकताच सुटला असेल तर पहिला दिवस सोडून द्या. दोन-तीन दिवस स्वच्छ ऊन पडलं की उथळ पाण्यात पुन्हा हालचाल सुरू होते.

तपासा: तिथी चतुर्थी ते सप्तमी आहे का? ओहोटी साडेआठ ते अकराच्या दरम्यान आहे का? दिवसाच्या भरतीची उंची लिहून घेतली का? तिन्हींचं उत्तर "हो" येईपर्यंत तारीख पक्की करू नका.

## २. जागा ओहोटीला बघायची

भरलेल्या खाडीकडे बघून जागा ठरवता येत नाही. पाण्याखाली काय आहे हे फक्त पूर्ण ओहोटीला दिसतं. म्हणून जागा बघायची फेरी वेगळी ठेवा, आणि त्या दिवशी रॉड घरीच राहू द्या. हातात रॉड असला की माणूस जमीन बघत नाही.

काय शोधायचं? सगळ्यात आधी चर. चिखलपट्ट्यावरून उतरणारं पाणी लहान-मोठ्या चरांतून चॅनेलला मिळतं, आणि भरतीला पाणी याच चरांतून वर चढतं. मासाही तीच वाट धरतो. चर जिथे चॅनेलला मिळते ते तोंड ही पहिली जागा. चर वर जाऊन जिथे पसरते ती दुसरी. या दोन जागांमधला सपाट, एकसुरी पट्टा कितीही मोठा असला तरी तिथे वेळ घालवू नका.

मग कालवं लागलेले दगड, जुने बंधारे, तिवरांची बाहेरची कड. तांबोशी आडोशाला धरून राहते, जिताडा ओढ आणि शांत पाणी यांच्या सीमेवर थांबतो. मुडदुशीला वाळू लागते, म्हणून ती मुखाजवळच्या वाळूच्या दांड्याच्या कडेला शोधायची. पायाखाली काय आहे तेही नोंदवा. दाट बिळं असलेला चिखल म्हणजे भरपूर खाद्य. पिवळसर, लाटांच्या नक्षीचा भाग म्हणजे घट्ट वाळू. गुळगुळीत, चमकणारा, एकही बीळ नसलेला काळा चिखल म्हणजे पाय मांडीपर्यंत जाण्याची शक्यता.

पाणी भरल्यावर हे सगळं झाकलं जाणार आहे. म्हणून प्रत्येक चरीच्या तोंडाशी उभं राहून काठावरच्या दोन खुणा एका रेषेत जुळवा: पुढे एखादा माड, मागे देवळाचा कळस किंवा टॉवर. आडव्या दिशेलाही अशीच एक जोडी घ्या. दोन रेषा जिथे छेदतात तिथे चर आहे. फोनवर फोटो काढून ठेवा, पण खुणा डोक्यात असू द्या. उन्हात स्क्रीन दिसत नाही.

त्याच फेरीत गावातल्या मासेमारांशी बोला. कुठे जाळी लागतात, कुठे रुतायला होतं, खेकड्यांचे सापळे कुठे आहेत, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. लावलेल्या जाळ्याच्या आसपास फेक करायची नाही. ते त्यांचं पोट आहे, आणि जाळ्यात अडकलेली गरी सोडवताना हात त्यांचे फाटतात.

सावधान: वाशिष्ठी आणि सावित्री या नद्यांत मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरून गरवण्याचा विचारही करू नका. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य आणि मालवणचं सागरी अभयारण्य इथे वेगळे निर्बंध लागू आहेत. वन विभागाकडे विचारल्याशिवाय गळ टाकू नका. तिवरांना संरक्षण आहे. वाट करायला किंवा रॉड टेकवायला फांदी तोडणं हा गुन्हा आहे.

## ३. सामान: निवळ पाण्यासाठी बारीक

थंडीतल्या पाण्यात मासा दोरी बघू शकतो. जाड दोरी आणि मोठं शिसं ही पावसाळ्यातली जोडगोळी इथे नडते.

सात ते आठ फुटांचा हलका स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० आकाराचं रील, त्यावर १० ते १५ पौंडी (इतक्या वजनाला तुटणारी) ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. पुढे दीड मीटर लांबीचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे गरीआधीचा पाण्यात सहज न दिसणारा दोरीचा तुकडा. जिताडा आणि तांबोशीसाठी २० ते ३० पौंडी लागतोच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी कापते आणि तांबोशी सरळ कालवांच्या दगडांत घुसते. मुडदुशीसाठी ८ ते १० पौंडी पुरे. ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नावाची गाठ उत्तम. वाऱ्यात ती जमत नसेल तर डबल युनी ही गाठ. गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करायचीच, कोरडी ओढली की दोरी तापून कमजोर होते.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी सोडणारा रीलमधला ब्रेक, घरीच लावा. दोरी ज्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते तृतीयांश ताणाला ड्रॅग सुटला पाहिजे. १५ पौंडी ब्रेडला हे साधारण दोन किलो होतं. रॉडमधून दोरी ओवून ती लटकवायच्या वजनकाट्याला बांधा, रॉड उचला आणि काटा दोन किलोवर असताना रील दोरी सोडतं का ते बघा. बोटाने ओढून अंदाज घेतला तर बहुतेकांचा ड्रॅग हवा त्यापेक्षा खूप घट्ट राहतो, आणि पहिल्याच धावेला लीडर जातो.

अंगावर आणि खिशात काय हवं:

- जाड तळव्याचे, घोटा झाकणारे, बांधता येणारे बूट. चपला आणि सँडल चिखल ओढून घेतो.
- पोलराइज्ड चष्मा, शक्यतो तपकिरी काचेचा. हा नसेल तर पाण्याखालचं काहीच दिसत नाही, आणि उथळ पाण्यात गरवणं म्हणजे निम्मं बघणंच आहे.
- छातीएवढी काठी: टेकायला, तळ चाचपायला.
- लांब चोचीची पक्कड, कात्री, शिट्टी, जलरोधक पिशवीत फोन, पिण्याचं पाणी.
- एक साधा थर्मामीटर. पाचव्या टप्प्यात तो कामाला येतो.

## ४. आमिष

जिवंत कोळंबीइतकं खात्रीचं काही नाही. बोटाएवढी कोळंबी घ्या. डोक्यावरच्या शिंगाखाली, आतून दिसणाऱ्या काळ्या डागाच्या पुढे, वरच्या कवचातून गरी आडवी ओवा. डागाला लागली की कोळंबी जागीच मरते. नीट ओवलेली कोळंबी बराच वेळ पोहत राहते, आणि मासा येतो तो त्या धडपडीला. शिसं लावूच नका, किंवा लावलंच तर वाटाण्याहून लहान.

जिताड्यासाठी सहा-आठ सेंटीमीटरचं बोयाचं पिल्लू, वरच्या ओठातून ओवलेलं. मुडदुशीसाठी सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, ८ किंवा १० नंबरची बारीक गरी आणि दोरीवर सरकणारं छोटं शिसं. तुकडा मोठा लावला तर मुडदुशी नुसती टोचत बसते. तिचं तोंड लहान असतं.

आमिष जिवंत ठेवायला बॅटरीवरचा एअर पंप लागतो आणि बादली सावलीत लागते. पाणी बदलायचं तर त्याच खाडीचं घाला, नळाचं कधीच नाही.

सॉफ्ट प्लॅस्टिक (मऊ कृत्रिम आमिष) वापरणार असाल तर ३ ते ७ ग्रॅमचं जिग हेड (वजन जोडलेली गरी) आणि नैसर्गिक, अर्धपारदर्शक रंग. चमकदार हिरवे-गुलाबी रंग गढूळ पाण्यासाठी ठेवा.

तपासा: गरीचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवा. घसरलं तर बोथट आहे, बदला. सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी) वापरताय का हेही लक्षात ठेवा, कारण मासा लागल्यावर काय करायचं ते त्यावर ठरतं.

## ५. पाण्यात उतरणं

ओहोटी पूर्ण व्हायच्या अर्धा तास आधी जागेवर पोचा. पाणी फिरेपर्यंत उतरायचं नाही. या वेळेत खुणा जुळवून घ्या आणि परतीची वाट पायी चालून बघा.

पाण्याचा वेग समजून घ्या, कारण खाडीत जीव जातात ते इथे. भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. रायगडात ओहोटी-भरतीचा फरक चार मीटर असेल त्या दिवशी तिसऱ्या एका तासात पाणी एक मीटर चढतं: घोट्यापासून थेट कमरेच्या वर. सिंधुदुर्गात हा फरक बराच कमी असतो, पण दोन मीटर धरला तरी तासाला अर्धा मीटर होतोच.

धोका समोरून येत नाही, पाठीमागून येतो. तुम्ही वाळूच्या दांड्यावर घोटाभर पाण्यात उभे असता, आणि तुमच्या व काठाच्या मधली खोलगट चर आधीच छातीपर्यंत भरलेली असते. म्हणून नियम असा: आपल्या आणि काठाच्या मधल्या सगळ्यात खोल जागी काठी रोवा, तिच्यावर गुडघ्याच्या उंचीला लाल कापड बांधा. पाणी कापडाला टेकलं की निघायचं, मासा लागत असला तरी.

चालताना पाय उचलू नका, तळावरून घासत सरकवा. पाकट वाळूत अंग पुरून बसते. पाय अंगावर पडला तर ती शेपटीचा काटा मारते, पण सरकणारा पाय जाणवला तर निघून जाते. घासत चालण्याने आवाजही कमी होतो. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी भाजणार नाही ना हे आधी न दुखावलेल्या पायाने बघा. मग दवाखान्यात जा. खोल रुतलेला किंवा छाती-पोटात गेलेला काटा स्वतः उपटू नका.

चिखलात रुतलात तर झटके देऊ नका. मागे रेलून वजन पसरवा, काठी आडवी धरा, एक पाय हळूहळू हलवत मोकळा करा, मग दुसरा. एकट्याने जाऊ नका, आणि कुठे जातोय व किती वाजता परतणार हे घरी कुणाला तरी सांगून निघा.

तपासा: थर्मामीटर आधी चॅनेलच्या कडेला, मग घोटाभर पाण्यात धरा. उथळ पाणी अजून गार असेल तर चरीच्या तोंडाशी, चॅनेलच्या बाजूला फेक करा. उथळ पाणी उबदार झालं असेल तर मासा वर सरकलाय, तुम्हीही सरका. कुठे उभं राहायचं याचा निर्णय या एका तपासणीवर सोडता येतो.

## ६. फेक आणि ओढ

पहिली चूक लांब फेकण्याची. उथळ पाण्यात मासा बऱ्याचदा तुमच्यापासून दहा मीटरच्या आत असतो, आणि चाळीस मीटरची फेक त्याच्या पाठीवरून दोरी नेते. पहिल्या फेका जवळच्या, मग पंख्यासारख्या हळूहळू लांब.

चढत्या पाण्यात चरीच्या तोंडापासून दहा-पंधरा मीटर बाजूला उभे राहा, सावली पाण्यावर पडणार नाही अशी दिशा धरून. मासा ओढीकडे तोंड करून थांबतो. म्हणून आमिष ओढीच्या वरच्या अंगाला टाका आणि वाहत त्याच्याकडे जाऊ द्या. उलट दिशेने त्याच्या अंगावर चालून येणारं आमिष बघून तो पळतो. कोळंबी कधी माशावर चाल करत नाही.

उधाणाच्या दिवशी, पाणी उतरत असताना, हेच गणित फिरवा. तिवरांत शिरलेला मासा चरीतून बाहेर येतो, म्हणून चरीच्या तोंडाशी चॅनेलच्या बाजूने उभं राहून चरीत आत फेका आणि आमिष पाण्याबरोबर बाहेर येऊ द्या. पाणी उतरायला लागल्यापासूनचे पहिले दोन-तीन तास सगळ्यात चांगले.

आता बघायचं काय. बोयाच्या पिल्लांची फौज एकदम एका बाजूला उसळली तर मागे कुणीतरी आहे. निवांत पाण्यावर सरकणारी बाणाच्या टोकासारखी लाट म्हणजे उथळ पाण्यातून चाललेला मासा. लाट दिसते तिच्या थोडं पुढे तो असतो. तळातून उठलेला चिखलाचा लहानसा धूर म्हणजे तो खातोय. आणि एखाद्या चरीच्या तोंडाशी बगळा हलायला तयार नसेल तर तिथे छोटं खाद्य जमलंय हे नक्की. मासा दिसला की त्याच्यावर फेकू नका. त्याच्या वाटेत, तीन-चार मीटर पुढे टाका आणि तो येईपर्यंत थांबा.

दुसरी चूक वेगाची. गार पाण्यात मासा पाठलाग करत नाही. सॉफ्ट प्लॅस्टिक तळाला टेकू द्या, रॉडच्या टोकाने वीतभर उचला, पुन्हा टेकू द्या, तीनपर्यंत मोजा. बहुतेक चावे या थांबण्यात येतात, आणि तेव्हा दोरी फक्त जराशी बाजूला सरकते. मुडदुशीसाठी शिसं वाळूवरून सावकाश ओढत राहायचं, चावा आला की थांबायचं. जिवंत कोळंबीला काहीच करू नका. दोरीतला ढिलेपणा तेवढा काढत राहा.

तिसरी चूक एकाच जागी चिकटून राहण्याची. मासा पाण्याबरोबर वर सरकतो. पाणी पोटऱ्यांना लागलं की एक टप्पा मागे, काठाकडे या. बऱ्याच जणांच्या पाठीमागून मासा वर निघून जातो आणि ते रिकाम्या पाण्याकडे तोंड करून उभे असतात.

सकाळचे मतलई वारे थांबून दुपारी खारे वारे सुटले की मुखाजवळ पाणी चोपून निघतं आणि तळ दिसेनासा होतो. पश्चिम-वायव्येकडून येणाऱ्या या वाऱ्याला उत्तर काठावरची टेकडी किंवा खाडीचं आतलं वळण आडोसा देतं. बारानंतर तिथली एखादी जागा हाताशी असू द्या.

सावधान: डोक्यावरून फेक करताना मागे कोण आहे ते प्रत्येक वेळी बघा.

## ७. मासा लागल्यावर

साध्या गरीला दोरी ताणली गेली की एक छोटा, ठाम हिसका. सर्कल हुकला हिसका अजिबात द्यायचा नाही. फक्त रील फिरवत राहा, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. सर्कल हुक घेऊन जोरात हिसका देणारे चाव्यामागून चावे गमावतात आणि गरीला दोष देतात.

जिताडा उडी मारतो तेव्हा रॉडचं टोक खाली, पाण्याकडे न्या. तांबोशी लागली तर पहिले काही क्षण तिला दगडांकडे वळू देऊ नका. रॉड आडवा धरून बाजूने ताण द्या. एकदा ती भोकात गेली की लीडर कालवांवर घासून तुटणारच.

प्रत्येक माशानंतर लीडर दोन बोटांत धरून ओढा. खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने मारा. हे काम कंटाळवाणं आहे आणि मोठे मासे याच आळसामुळे जातात.

## ८. हाताळणं, ठेवणं, सोडणं

हात आधी ओले करा. मासा नुसत्या जबड्याला धरून लटकवू नका. दुसरा हात पोटाखाली हवा.

शिंगाळा आला तर पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात, पकडीनेच सोडवा. पाकट आली तर दोरी गरीजवळ कापा. केंड (फुगणारा मासा) कुणी काहीही सांगितलं तरी खाऊ नका. त्याच्या यकृत, अंडाशय आणि कातडीतलं विष शिजवून जात नाही.

खायला ठेवायचा मासा तडफडत ठेवू नका. लगेच मारा, कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ द्या, आणि बर्फ व खाडीचं पाणी यांच्या मिश्रणात ठेवा. नुसत्या बर्फापेक्षा तो यात लवकर गार होतो.

मोठा जिताडा सोडावा असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. हा मासा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात, आणि पुढची पिढी त्यांच्या पोटात असते. मध्यम मासा पानात चवीलाही जास्त चांगला लागतो. पिल्लंही सोडा, राज्याने अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत. सोडताना ओढीकडे तोंड करून पाण्यात धरा, स्वतःच्या जोराने निघेपर्यंत.

## ९. निघताना

कापड भिजलं की निघायचं. आलेल्या वाटेनेच परता. जवळची वाटणारी नवी वाट भरत्या पाण्यात शोधू नका. तुटलेली दोरी खिशात घालून आणा, तिवरांत अडकलेल्या दोरीत पक्षी मरतात.

काठावर आल्यावर आधी पाय बघा. कालवाच्या शिंपल्याने कापलेली जखम लहान दिसली तरी गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा. एक-दोन दिवसांत ती लाल होऊन सुजली, फोड आले किंवा ताप भरला तर थांबू नका, डॉक्टरांना खाऱ्या पाण्यातली जखम असल्याचं सांगा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी पायाला आधीच जखम असेल तर पाण्यात उतरूच नये.

रॉड आणि रील गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत जातं. रील पुसून सावलीत वाळवा आणि ठेवण्याआधी ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या खेपेला ड्रॅग अडकत सुटतो.